क्रेट धरायला बसवलेला माणूस

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातलं, २०२४ च्या द्राक्ष हंगामातलं आहे. मी तेव्हा तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये गुणवत्ता तपासणीचं आणि निर्यातीच्या प्रमाणपत्रांचं काम बघत होते, आजही तेच बघते. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जखमी झालेल्या मुलाला इथे काशिनाथ म्हटलं आहे, बागायतदाराला नाना. हे लिहू का, असं काशिनाथला विचारलं तेव्हा त्याने एकच अट घातली. "मॅडम, मला डुलकी लागली म्हणून पडलो असं लिहू नका. गावभर तसंच बोलतात."

त्याला डुलकी लागली नव्हती. तो का पडला हे नीट मांडता आलं, तरच ह्या लिखाणाला अर्थ आहे.

पार्श्वभूमी

नानांची बाग अठरा एकरांची, त्यातली बहुतेक निर्यातीसाठी नोंदवलेली. बागेपासून पॅकहाऊस सहा किलोमीटरवर. त्यातले पहिले दीड-दोन किलोमीटर शिवाररस्ता, पुढे डांबरी. काढणीला सुरगाणा तालुक्यातली चौदा जणांची टोळी होती. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली अशी हजारो माणसं छाटणीपासून काढणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये राबतात, बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात आणि होळीला घरी जातात. होळीला घरी गेलंच पाहिजे, त्यात तडजोड नसते. अपघात झाला तेव्हा होळी दहा-बारा दिवसांवर आली होती आणि तीन एकरांचा माल वेलीवर होता.

काम उक्तं होतं. जेवढा माल पॅकहाऊसला चांगला पोचेल तेवढे पैसे. निर्यातीची द्राक्षं सकाळच्या गारव्यात काढतात, ऊन चढायच्या आत ती प्रीकूलिंगला, म्हणजे माल गार करायच्या खोलीत, जावी लागतात. मणी तापला की देठ सुकतो आणि पुढे बोटीवरच्या प्रवासात माल टिकत नाही. त्यामुळे सकाळी अकराची वेळ सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली असते. नानांच्या, मुकादमाच्या, ड्रायव्हरच्या आणि माझ्याही. "अकराच्या आत माल गेटवर" हे वाक्य रोज सकाळी फोनवर मीच म्हणत होते.

वाहतुकीला ट्रॅक्टर आणि एक जुनी, दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉलीला पाटे, म्हणजे गचके झेलणारे स्प्रिंग, नव्हते, स्वतःचे ब्रेक नव्हते. मागचा फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडझाप होणारी फळी, आदल्या वर्षीच मोडला होता, तिथे एक बांबू आडवा बांधलेला होता. हौद्यात क्रेट चार थर रचायचे. दोर लावायचा नाही, कारण दोर वरच्या थरातल्या घडांवर घासतो आणि मण्यावरची लव, म्हणजे ती पांढरी साय, पुसली जाते. लव पुसलेला घड निर्यातीत चालत नाही. दोराऐवजी शेवटच्या रांगेवर दोन माणसं बसायची, क्रेट धरायला. पॅकहाऊसला पोचल्यावर तीच दोघं माल उतरवायची. मुकादम मडगार्डवर बसायचा आणि आणखी एक जण हुकावर, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांड्यावर, उभा असायचा.

नाशिक जिल्ह्यात ज्याने हंगामातली एक सकाळ काढली आहे, त्याला हे चित्र ओळखीचं आहे. मी ते रोज गेटवर बघत होते.

त्या सकाळी

मार्चचा दुसरा आठवडा, अकराला दहा मिनिटं कमी. शेवटची खेप. दोन दिवसांपूर्वी शिवाररस्ता आडवा खोदून ठिबकची पाईपलाईन टाकली होती आणि चारी मातीने बुजवली होती. पहिल्या दिवशी माती वर आलेली होती. ट्रॅक्टर वरून जाऊन जाऊन ती दबली आणि तिसऱ्या दिवशी तिथे वीतभर खोल खाच पडली.

ट्रॅक्टर त्या खाचेतून गेला, गचका बसला, पण पुढे गेला. मग ट्रॉलीची चाकं खाचेत उतरली आणि वर आली. दुचाकी ट्रॉलीत चाकाच्या मागे जेवढा हौदा असतो, तेवढा तो तरफेसारखा उडतो. चाकाजवळ चार बोटं उडालं तर शेपटाला हातभर उडतं. काशिनाथ शेपटाला होता, पाठ रस्त्याकडे आणि दोन्ही हात क्रेटवर. हात क्रेटवर होते, कारण क्रेट धरणं हेच त्याचं काम होतं. स्वतःला धरायला त्याच्याकडे हात उरले नव्हते.

क्रेट उडाले, बांबू सुटला आणि काशिनाथ चार क्रेटांबरोबर मागे, पाठीवर पडला. उजवा हात आपोआप मागे टेकला गेला, डोकं मुरमावर आपटलं. साडेसात फुटांवरून पडलेला माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी साधारण २४ किलोमीटर असतो, ट्रॅक्टर उभा असला तरीही. "अहो, ट्रॅक्टर पंधराच्या स्पीडने तर चालला होता," असं नंतर अनेकांनी मला सांगितलं, जणू त्यामुळे पडणं सौम्य झालं असतं.

ड्रायव्हरला काहीच कळलं नाही. इंजिनाच्या आवाजात मागची हाक पोचत नाही आणि त्या ट्रॅक्टरला आरसा नव्हता. वर बसलेल्या दुसऱ्या मुलाने आरडाओरडा केला, तो ऐकून हुकावरच्या माणसाने चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारली आणि पाय मुरगाळला. तो ट्रॉलीच्या चाकाच्या बाजूला पडला असता तर हे प्रकरण दोन माणसांचं झालं असतं. ट्रॅक्टर थांबेपर्यंत पन्नास-साठ मीटर पुढे गेला होता.

पहिला अर्धा तास

काशिनाथ मिनिटभर बेशुद्ध होता. डोळे उघडले तेव्हा दोघांनी त्याला काखेत धरून बसवलं, एकाने पाणी पाजलं. हे दोन्ही करायला नको होतं. मानेला मार आहे की नाही हे माहीत नसताना माणसाला बसवू नये आणि डोक्याला मार लागलेल्याला तोंडाने काही देऊ नये, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. पण हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. बागेवर प्रथमोपचार शिकलेला एक माणूस असावा ही प्रमाणपत्राची अट होती आणि कागदावर तो माणूस होता: नानांचा पुतण्या. तो त्या दिवशी नाशिकला गेला होता.

मुकादमाचा फोन मला ११ वाजून ४ मिनिटांनी आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, चार क्रेट कमी येतील." दुसरं, "पोरगं पडलं, पण बरं आहे, बोलतंय."

मी विचारलं, काय बोलतोय? मुकादमाने फोन काशिनाथच्या कानाला लावला. तो म्हणाला, "क्रेट किती राहिले?" मी सांगितलं, क्रेटचं राहू दे, तुला कुठे दुखतंय? म्हणाला, "हात." मग थोडं थांबून, "क्रेट किती राहिले?" परत तेच, त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारतोय असं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

हा पहिला निर्णयाचा क्षण होता. तिथे तीन मतं होती. मुकादमाला त्याला पालावर नेऊन झोपवायचं होतं, संध्याकाळपर्यंत उतार पडेल म्हणून. ड्रायव्हर म्हणत होता, ट्रॉलीतच क्रेटांच्या मध्ये आडवा करून दिंडोरीला नेतो, अर्ध्या तासात पोचतो. मी १०८ म्हणत होते.

पालावर झोपवणं सगळ्यात धोक्याचं होतं आणि दिसायला तेच सगळ्यात शहाणपणाचं होतं, कारण पोरगं बोलत होतं. डोक्याच्या मारात हाच फसवा काळ असतो. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर माणूस सुरुवातीला शुद्धीवर येतो, बोलतो, चालतोसुद्धा, आणि काही तासांनी झोपेतच खालावतो. बघणाऱ्याला वाटतं, शांत झोपलाय. तोच तो प्रश्न पुन्हा विचारणं, उलटी, वाढती झोप, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं, यातलं एकही दिसलं तर घरी न्यायचं नसतं. काशिनाथला तोवर एक उलटीही झाली होती.

ट्रॉलीतून नेलं असतं तर वेळ वाचला असता हे खरं. पण त्याच खाचांवरून, त्याच पाटे नसलेल्या ट्रॉलीतून मान सैल असलेला माणूस नेणं मला पटलं नाही. त्याला आहे तिथेच आडवं करा, कुशीवर वळवायची वेळ आली तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून वळवा आणि एकाने डोकं दोन्ही हातांत धरून बसा, असं मी फोनवरच सांगत राहिले. डोकं धरून मुकादमच बसला. तो काशिनाथचा चुलतमामा होता हे मला नंतर कळलं. रुग्णवाहिका सत्तावीस मिनिटांत आली. ती मोरीपाशी चुकू नये म्हणून नानांनी एक मुलगा मोटारसायकलवर डांबरी रस्त्याला उभा केला होता. तेवढ्या घाईत हे त्यांना सुचलं, त्यामुळे निदान पाच-सात मिनिटं वाचली.

केसपेपरवर काय लिहायचं

ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा नानांचे एक नातेवाईक आधीच येऊन उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बागेत पाय घसरून पडला असं सांगा. ट्रॅक्टरचं नाव निघालं की पोलीस येतील, विम्याचं लफडं होईल. पोराला काय ते आपण बघू." ते वाईट हेतूने बोलत होते असं मला आजही वाटत नाही. ते घाबरले होते.

हा दुसरा निर्णय, आणि माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. केसपेपरवरची ती एक ओळ आधी उपचाराची असते. बागेत घसरलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला डॉक्टर हाताचं प्लास्टर घालून घरी सोडू शकतात. चालत्या वाहनावरून साडेसात फुटांवरून डोक्यावर पडलेला माणूस म्हटलं की मान बांधली जाते, सीटी स्कॅन होतो, पोटाची सोनोग्राफी होते. म्हणजे खोटं सांगितलं तर फसवणूक पोलिसांची होण्याआधी डॉक्टरांची होते. मी नानांना एवढंच म्हणाले, "तुमचा मुलगा असता तर काय सांगितलं असतं?" ते स्वतः खिडकीशी गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, केली गेली. तासाभरात काशिनाथला पंचवीस किलोमीटरवर नाशिकला हलवलं.

सीटी स्कॅनमध्ये कवटीला बारीक तडा आणि आत थोडा रक्तस्राव निघाला. ऑपरेशन लागलं नाही, दोन दिवस दर काही तासांनी तपासत ठेवलं, पुन्हा स्कॅन केला, स्राव वाढला नव्हता. उजव्या मनगटाचं हाड मात्र सांध्यातच फुटलं होतं, तिथे प्लेट घालावी लागली. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला. रेशन कार्ड पाड्यावर होतं. त्याचा फोटो मागवायला काशिनाथच्या बहिणीला रेंज येते त्या टेकाडावर चढून जावं लागलं.

तो वर का बसला होता

घरी सोडल्यानंतर चार दिवसांनी आम्ही बसलो: नाना, मुकादम, ड्रायव्हर, मी. पहिला अर्धा तास "लक्ष नव्हतं", "डुलकी लागली असेल", "आजकालची पोरं" यातच गेला. मग मी प्रश्न बदलला. तो पडला का, हे सोडा. तो वर का होता?

क्रेट धरायला. क्रेट धरायला माणूस का लागतो? दोर नाही, फाळका नाही. मग गेल्या वर्षी याच ट्रॉलीवर माणूस बसत नव्हता, यंदाच का बसायला लागला?

मुकादम बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अपघाताच्या आधीच्या आठवड्यात सहा क्रेट पडले ना. त्याचे पैसे आमच्या हिशेबातून कापले."

पडलेले ते सहा क्रेट माझ्याच रजिस्टरमध्ये होते. पॅकहाऊसच्या गेटवर "वाहतुकीत खराब" अशी नोंद करून, वजन लिहून, खाली मी सही केली होती. त्या चिठ्ठीवरून नानांनी टोळीच्या पैशातून कपात केली. त्यानंतर मुकादमाने टोळीतली दोन तरुण, हलकी पोरं शेपटाला बसवायला सुरुवात केली. माझ्या लेखी ती गुणवत्तेची नोंद होती, नानांच्या लेखी ती नुकसानीची वसुली होती. एखादी वस्तू चालत्या ट्रॉलीवरून खाली पडते आहे, म्हणजे तिथून माणूसही पडू शकतो, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं आणि तो तिघांच्या हातांतून गेला. बागेच्या धोका-मूल्यांकनाच्या फाईलमध्ये फवारणी होती, शिडी होती, वीज होती, साप होता. ट्रॉली नव्हती. ती फाईल मी तपासलेली होती.

मला याचा त्रास आजही होतो.

कोणते पर्याय होते

नानांचा पहिला विचार सरळ होता: उद्यापासून ट्रॉलीवर कोणी बसायचं नाही. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार वाहनाच्या पायरीवर, टपावर, बॉनेटवर माणूस नेता येत नाही, आणि ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ड्रायव्हरची. पण नुसती बंदी दोन दिवस टिकते. क्रेट पडतच राहिले, कपात होतच राहिली, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी वर बसणारच. शिवाय माल उतरवणारी माणसं पॅकहाऊसला पोचणार कशी, हा प्रश्न उरतोच.

दुसरा पर्याय, माणसांसाठी वेगळी पिकअप. पण पिकअपच्या हौद्यात उभी केलेली माणसं म्हणजे तोच धोका, फक्त जास्त वेगाचा. सीट असलेली जीप भाड्याने घ्यायची तर रोजचा खर्च नानांना झेपेना.

तिसरा पर्याय ड्रायव्हरने सुचवला आणि तोच चालला. "वर माणूस लागूच नये असं करा ना." चौघांत सगळ्यात कमी बोललेला माणूस तो होता.

काय केलं

ट्रॉलीला मागे लोखंडी फाळका बसवला, बिजागऱ्यांचा, दोन्हीकडे खिळ घालून बंद होणारा. क्रेटसाठी चार रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे, घेतले. बेल्ट घडांवर घासू नये म्हणून वरच्या थरावर रिकामे क्रेट पालथे ठेवायचे आणि त्यांच्यावरून बेल्ट ओढायचा. ही युक्ती टोळीतल्याच एका बाईची. आम्ही शिक्षित लोक दोन दिवस फोमच्या शीटचे भाव विचारत बसलो होतो. बांधायला सुरुवातीला बारा मिनिटं लागत, आठवड्याने पाच. ती पाच मिनिटं आमच्या गेटच्या वेळेत धरली. अकरा म्हणजे सव्वाअकरा चालेल, असं मी लेखी दिलं. त्यासाठी मला वरिष्ठांशी भांडावं लागलं. पण दहा-पंधरा मिनिटं उशिरा आलेल्या मालाचं तापमान सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवलं तर फारसं वाढत नाही, हे आम्ही मोजून दाखवलं.

माल उतरवायला दोन माणसं सकाळपासून पॅकहाऊसवरच थांबवली. ती सकाळी सायकलने येतात. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना आरसे लावले. हुकाच्या दांड्यावर उतरता पत्रा वेल्ड केला, पाय ठेवायला जागाच उरली नाही. खाच मुरूम घालून, पाणी मारून, ठोकून बुजवली आणि शिवाररस्ता कोणी खोदला तर ट्रॅक्टर जाण्याआधी तो ठोकून घ्यायचा असं ठरलं.

कपात बंद झाली. हे सगळ्यात अवघड गेलं. नानांचं म्हणणं, मग पोरं क्रेट आपटतील. शेवटी ठरलं की बेल्ट लावून निघालेल्या ट्रॉलीतून माल पडला तर तो वाहतुकीचा तोटा, टोळीचा नाही.

मडगार्डचा प्रश्न मात्र राहिला. मडगार्डवर बसलेला माणूस घसरला तर थेट मागच्या मोठ्या चाकाखाली जातो, ट्रॅक्टरच्या अपघातांत याहून वाईट जागा नाही. मुकादमाने बसणं सोडलं. तिसऱ्याच दिवशी मी नानांना स्वतःला मडगार्डवर बसून येताना पाहिलं. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने गेटच्या बाहेर ट्रॅक्टर बंद केला आणि चावी काढून खाली उतरला. "नाना, तुम्ही उतरा, मग आत घेतो." नाना चिडले. उतरले मात्र. माझ्या मते त्या हंगामातली खरी सुधारणा त्या क्षणी झाली, बेल्ट आणि पत्रा तिच्या मागे.

भरपाई

नानांनी सुरुवातीला वीस हजार रुपये आणि "माझी काही तक्रार नाही" असा कागद पुढे केला. काशिनाथच्या वडिलांनी अंगठा उठवायची तयारी केली होती. मी थांबवलं. शेतमजुराला असला कायदा लागू नाही, ही समजूत सगळ्यांचीच होती. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची दुसरी अनुसूची काढली, तर यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनात माल चढवण्या-उतरवण्याचं काम पहिल्याच नोंदीत आहे, आणि ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीतलं कामही त्या यादीत आहे. नैमित्तिक, म्हणजे तात्पुरते मजूर वगळण्याची तरतूद २००० साली काढली गेली. मजूर मुकादमाचा असला तरी कलम १२ प्रमाणे मूळ मालक जबाबदार राहतो, आणि हक्क सोडून दिल्याचा कागद कलम १७ प्रमाणे रद्दबातल ठरतो. (नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. त्यानंतरच्या अपघातांना ती बघावी.)

हिशेब असा झाला. महिन्याची मजुरी १२,००० रुपये धरली, तिचे ६० टक्के म्हणजे ७,२००. वयाच्या पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१. गुणाकार १५,६१,७५२ रुपये, ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. हाडांच्या डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेतली घट १० टक्के ठरवली, म्हणून १,५६,१७५ रुपये. शिवाय योजनेबाहेरचा औषधोपचाराचा खर्च आणि बसून राहिलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचे २५ टक्के.

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने हात वर केले: पॉलिसीत माणूस एकच, ड्रायव्हर. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना खातेदार, म्हणजे नावावर शेतजमीन असलेल्या, शेतकऱ्याच्या कुटुंबासाठी असते. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत काशिनाथचं नाव होतं, पण ती हात, पाय किंवा डोळा गेला तर पैसे देते. आखडलेल्या मनगटाला देत नाही. म्हणजे सगळी रक्कम नानांच्या खिशातून गेली. त्यांनी अर्धी लगेच दिली, अर्धी द्राक्षांचे पैसे आल्यावर, आणि करार कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवला. त्यांना ती जड गेली, हेही लिहायला हवं. पुढच्या वर्षी त्यांनी टोळीसाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी काढली. आधी काढली असती तर हप्ता ह्या रकमेच्या मानाने किरकोळ होता.

वेगळं काय करता आलं असतं

सहा क्रेट पडले त्या दिवशी मी सही करण्याऐवजी बागेवर जायला हवं होतं. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे.

प्रथमोपचार एकाच माणसाला शिकवणं पुरेसं नाही, तो नेमका नसतो. आता आम्ही टोळी आल्या आल्या पहिल्या संध्याकाळी पालावरच दीड तास बसतो. सुरगाण्याकडच्या बायका-पोरांशी त्यांच्या कोकणा आदिवासी बोलीत बोलणारी आरोग्य सेविका बरोबर असते. मराठीत सांगितलेलं निम्मं वाहून जायचं, हे आधी ध्यानात आलं नव्हतं.

चुकलेलं अजून एक. हुकावरून उडी मारलेल्या माणसाच्या पायाकडे आम्ही दोन दिवस बघितलंच नाही. तो लंगडत काम करत राहिला, खाडा नको म्हणून. त्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही.

आणि एक निर्णय ज्याबद्दल मला आजही खात्री नाही. त्या दिवशीची खेप थांबवावी का? आम्ही काशिनाथला रुग्णवाहिकेत घातल्यावर दुसऱ्या ट्रॅक्टरने माल आणला. टोळीतली पोरं रडत क्रेट उतरवत होती. माल वाचला, त्यांच्या उक्त्याचे पैसेही वाचले. तरी ते दृश्य बरं नव्हतं.

पुढच्या हंगामात

ऑक्टोबर छाटणीला काशिनाथ आला. कात्री दिवसभर दाबता येत नाही, तासाभराने अंगठ्यापर्यंत कळ जाते. मी त्याला माझा हात दाबून दाखवायला सांगितलं. चार बोटांत जोर होता, अंगठा मागे राहत होता. नानांनी त्याला काढणीच्या वेळी बागेत क्रेट मोजायला आणि बेल्ट तपासायला ठेवलं, मजुरी टोळीइतकीच. ट्रॉली निघायच्या आधी तो चारही बेल्ट डाव्या हाताने ओढून बघतो आणि वहीत खूण करतो. त्याने खूण केल्याशिवाय ड्रायव्हर क्लच सोडत नाही.

फेब्रुवारीत एकदा मी बागेवर गेले होते. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे असताना शेजारच्या बागेतली ट्रॉली गेली. शेपटाला दोघं बसले होते, क्रेट धरून, पाठ रस्त्याकडे. काशिनाथने त्यांना त्याच्या बोलीत काहीतरी ओरडून सांगितलं. दोघं हसले आणि त्यांनी हात हलवला. हलवायला हात सोडला तेव्हा काशिनाथने डोळे मिटून घेतले.

त्याच संध्याकाळी मी त्या बागायतदाराला फोन केला. बेल्ट बघायला येतो म्हणाले. दोन दिवसांनी आले, त्यांच्या ड्रायव्हरला घेऊन. काशिनाथने त्यांना पालथ्या क्रेटची रचना दोनदा करून दाखवली.

त्यांच्या ट्रॉलीला फाळका नाही. तो वेल्डिंगला टाकला आहे.